साडेसत्याहत्तर किलो

आदर्श कानाशी येऊन हळू आवाजात बोलला, आणि तो हळू बोलला हेच विरूपाक्षला सगळ्यात आधी खटकलं. जळकोटच्या तालमीत अंगाला माती लावून मोठा झालेला हा ट्रेनर एरवी अख्ख्या जिमला ऐकू जाईल असा बोलायचा. कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या घरी काल पुरणाचा बेत झाला, कोण आठवडाभर पायांचा व्यायाम चुकवतोय, सगळं जाहीर. आणि आज मात्र टॉवेलनं मान पुसत उभ्या असलेल्या विरूपाक्षजवळ येऊन, इकडंतिकडं बघून तो म्हणाला, "भैय्या, जाताना जरा मॅडमकडं बसून जावा. तुमचं नाव लिवलंय मी." विरूपाक्षनं 'कशाला' म्हणून विचारायला तोंड उघडेपर्यंत तो पलीकडच्या माणसाची कोपरं सरळ करायला निघूनही गेला होता.

मॅडम म्हणजे नांदेडच्या शिल्पा मॅडम. दर शनिवारी त्या पहाटेच्या बसनं लातूरला यायच्या आणि औसा रोडवरच्या या जिममध्ये सात ते दहा बसायच्या. मालकाच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, दोन महिन्यांपूर्वी त्यानं प्रोटीनचे डबे ठेवायची खोली रिकामी केली, आत दोन खुर्च्या टाकल्या आणि दाराला कागद चिकटवला, 'शरीर कमावता, मनाचं काय?' पहिले दोन शनिवार तिकडं कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या शनिवारी एक वकील आत जाऊन आला, तर पुढचा आठवडाभर पोरांनी त्याला 'मेंदूचे किती सेट मारले' असं विचारून भंडावून सोडलं. त्या हसण्यात विरूपाक्षही होता. खरं सांगायचं तर इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच हसला होता. शिवाय खोलीचं दार वजनकाट्याच्या अगदी समोर. म्हणजे कोण आत गेलं, किती वेळ बसलं आणि कसलं तोंड करून बाहेर आलं, हे बघायला काट्यापाशी कुणी ना कुणी असायचंच.

नाव लिहिलंय म्हणजे यादी आहे. यादी आहे म्हणजे कुणीतरी नावं पुरवतंय. विरूपाक्षच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला एवढं पुष्कळ होतं. ती पाल गेले चौदा महिने तिथं मुक्कामालाच होती म्हणा. आदर्श मनानं चांगला, पण आपण होऊन एवढा विचार करणाऱ्यातला नव्हे. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. सुकन्यानं? परवा भाकरी वाढताना ती म्हणाली होती, "झोप लागून राहिली का न्हाई तुम्हाला?" तेव्हा ते साधं वाटलं होतं. बायको विचारतेच की. पण आता आठवताना दिसलं, की ते विचारताना तिची नजर त्याच्या तोंडाकडं नव्हती, हातांकडं होती. कोपराच्या आतल्या बाजूला जिथं जिममधली वाळूची बॅग काचून निळं-हिरवं झालं होतं, तिथं. तिनं भाकरीवर लोणी ठेवलं आणि विषय सोडून दिला. इतक्या सहज विषय सोडून देणारी बाई ती नव्हे. म्हणजे तेव्हाच ठरलं असेल का? आणि तिनं ठरवलं असेल तर ती थेट जिममध्ये कशी बोलणार? तिला आदर्शचं नावसुद्धा ठाऊक नसावं. मध्ये कुणीतरी असलं पाहिजे, आणि मध्ये म्हटलं की शिवप्रसाद अण्णाशिवाय दुसरं कोण. गंजगोलाईतलं भांड्यांचं दुकान दोघा भावांचं, पण वडील होते तोवर ते वडिलांचं होतं आणि आता सगळे त्याला अण्णाचं म्हणतात. धाकट्याचं डोकं ठिकाणावर नाही असं एकदा चारचौघांत पसरलं, की वाटणीची वेळ आल्यावर कुणाचं ऐकलं जाईल ते वेगळं सांगायला नको. असा विचार मनात आल्याची विरूपाक्षला लाजही वाटली, पण तो काही गेला नाही.

त्यानं बॅगेकडं पाहिलं. ती त्याच्या कोपऱ्यात, आरसा नसलेल्या भिंतीपाशी पडली होती. हिरव्या कॅनव्हासची, माणसाच्या धडाएवढी लांब, आत मांजरा नदीची चाळलेली वाळू. जिममध्ये त्यानं सुरुवात सगळ्यांसारखीच केली होती. छाती, पाठ, दंड. चार महिन्यांपासून मात्र ते सगळं सोडून तो फक्त ही बॅग उचलत होता. उचलून दोन्ही हातांवर आडवी घ्यायची, एक हात खालून, एक हात मागून, आणि भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. हात थरथरायला लागले की आदर्शला हाक मारायची. मग आदर्श आणि आणखी कुणीतरी दोन्हीकडून धरून ती खाली घ्यायचे. आपल्या हातानं तो बॅग खाली ठेवत नसे. "भैय्या, शंभरची करू की आता, तुमचा जोर वाढलाय," असं आदर्श दोनदा म्हणाला होता, आणि दोन्ही वेळा विरूपाक्ष असं काही बोलला होता की त्यानं पुन्हा विषय काढला नव्हता. वाळू त्यानं स्वतः भरली होती, दुकानात, अण्णा जेवायला गेल्यावर. जुन्या पितळेची मोड तोलायच्या मोठ्या काट्यावर बॅग ठेवून, मूठमूठ वाळू घालत आणि काढत. आकडा साडेसत्याहत्तरवर थांबला तेव्हा त्याला घाम फुटला होता. दवाखान्याच्या शेवटच्या कागदावर वडिलांच्या, म्हणजे चन्नबसप्पा अप्पांच्या नावापुढं तेवढंच वजन लिहिलेलं होतं.

अप्पांना बसवलं त्या दिवशी ऊन फार होतं. लिंगायत असल्यानं त्यांच्यात मेलेल्या माणसाला आडवं पुरत नाहीत, मांडी घालून बसवतात, जिता माणूस ध्यानाला बसावा तसा. कपाळाला भस्म, हातात त्याचं आयुष्यभर गळ्यात वागवलेलं लिंग, आणि खड्ड्याच्या भिंतीत कोरलेल्या कोनाड्यात त्याची बैठक. वरून दोघांनी काखेत हात घालून सोडायचं आणि खाली उतरलेल्या मुलानं अलगद झेलून बैठकीवर टेकवायचं. थोरला वर, धाकटा खाली, असं अय्यांनी म्हणजे पुरोहितांनी सांगितलं. धाकटा अंगानं बारीक, त्याला खड्ड्यात वळायला जागा होईल म्हणून. विरूपाक्ष खाली उतरला तेव्हा काळ्या मातीचा ओला गारवा घोट्यापर्यंत चढला आणि वरचं सगळं आवाजासकट लांब गेलं. मग वर पाय दिसले, धोतर दिसलं, अण्णाचे हात दिसले. त्यानं एक हात मांड्यांखाली घातला, एक पाठीमागं. आणि मग अप्पा एकदम आले. हळूहळू नाही, एकदम. वजन हातांत आलं की हातांवर पडलं हे त्याला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. अप्पा बैठकीवर धपकन बसले, तसेच कलले, आणि त्यांचं कपाळ कोनाड्याच्या कडेवर आपटलं. आवाज फार मोठा नव्हता. ओल्या मातीवर नारळ पडावा तेवढा. वरून कुणीतरी म्हणालं, "पोरात जोर न्हाई." अय्यांनी खाली वाकून भस्माचा हात पुन्हा फिरवायला सांगितला. विरूपाक्षनं तो फिरवला, आणि कपाळाला चिकटलेली माती भस्मात कालवली गेली. ती पुसावी की राहू द्यावी हे त्याला कळेना. वरचे लोक वाट बघत होते. त्यानं ती राहू दिली.

तेव्हापासून गोलाईतल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, अशी त्याची खात्री होती. चाळीस माणसं तरी होती तिथं, आणि चाळीस माणसांच्या पोटात गोष्ट राहत नसते. महिनाभरात सरजाबाई नावाची नेहमीची गिऱ्हाईक नातीच्या लग्नासाठी घागर घ्यायला आली. वरच्या फळीवरून तो घागर काढत असताना ती म्हणाली, "नीट धर बाबा, पडंल." झालं. बाईच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक, पण विरूपाक्षला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. त्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यानं जिम लावली. घरी सांगितलं, पाठ दुखते म्हणून. सुकन्यानं त्यावर विश्वास ठेवला, निदान तेव्हा ठेवला असं त्याला वाटलं होतं. आता तेही तपासून बघायला हवं.

नऊ वाजून गेले तरी तो बूट बांधण्याचं निमित्त करून बाकावर बसून राहिला. काट्यापाशी कुणी नाही असा एक क्षण मिळाला तसा उठला आणि दार न वाजवताच आत शिरला. खोलीला अजून व्हॅनिलाचा वास येत होता. शिल्पा मॅडम चाळिशीच्या, सावळ्या, साधा सुती ड्रेस, चपला बाटलीबंद पाण्याच्या खोक्याशेजारी काढून ठेवलेल्या. समोर वही नव्हती, पेन नव्हतं. हेही त्याला आवडलं नाही. लिहीत नाही म्हणजे लक्षात ठेवते. लक्षात ठेवते म्हणजे कुणाला तरी सांगायला. त्यानं सदऱ्याची वरची गुंडी लावली, कारण तिची नजर त्याच्या गळ्यातल्या, लिंग बांधलेल्या शिवदोऱ्यावर क्षणभर थांबली असा त्याला भास झाला.

"तुमचं आडनाव काय म्हणलं मॅडम?" त्यानं बसायच्या आधीच विचारलं. आडनाव कळलं की माणूस निम्मा कळतो, हा दुकानात बसून झालेला अभ्यास.

"शिल्पा म्हटलं तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"नांदेडात कुठं राहता? मुदखेडकडं आमचे पाव्हणे हायत."

"मुदखेडला माझी मावशी असते. बसा ना."

म्हणजे पाहुण्यांमार्फत पोहोचणं अशक्य नाही, हे त्यानं मनात टिपून ठेवलं आणि बसला. "माझं नाव कुणी दिलं तेवढं सांगा," तो म्हणाला. "मग मी जातो. मला काही झालेलं न्हाई."

त्यांनी पर्समधून एक चिठोरी काढून त्याच्यापुढं ठेवली. आदर्शचं गिचमिड अक्षर. 'विरूपाक्ष भैय्या. ४ महिने एकच वजन. हाताला जखम आहे. बॅग स्वतः खाली ठेवत नाहीत.' बस्स. कुणाचं नाव नाही, निरोप नाही. त्यानं चिठोरी उलटी करून मागची बाजूही पाहिली.

"मला एवढंच माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आदर्शला कुणी सांगितलं असेल तर ते त्यालाच विचारा. आणि तुम्ही इथं बोलाल ते दाराबाहेर जाणार नाही. जीवाला धोका असेल तेवढं सोडून."

"समदे असंच म्हणतात."

"हो, म्हणतात."

त्यानं ठरवलं की खोटं बोलायचं. खोटं बोलून बघायचं, आणि ते आठ दिवसांत कुणाच्या तोंडून परत ऐकू येतं ते बघायचं. म्हणजे भोक कुठं आहे ते कळेल. "उदगीरला स्पर्धा हाय," तो म्हणाला. "वजन धरून उभं राहायची. त्याची तयारी करून राहिलो." त्या ऐकत राहिल्या. मान हलवली नाही, हसल्या नाहीत. बाहेर कुणीतरी वजन आपटलं आणि भिंत हादरली. ती शांतता त्याला सोसेना. दुकानात गिऱ्हाईक गप्प बसलं की त्याला कळायचं, हा आता उठणार किंवा घेणार. ही बाई उठतही नव्हती आणि घेतही नव्हती. तो स्पर्धेविषयी आणखी बोलत गेला. किती मिनिटं, कोणकोण येतंय, बक्षीस काय. बोलता बोलता त्याचे हात मांडीवरून उठून पुढं आले होते आणि त्यानं ते पाहिलं नव्हतं.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "बॅग तुम्ही स्वतः खाली ठेवलीत, तर काय होईल?"

"काय होतंय? वाळू हाय ती."

"मग ठेवत का नाही?"

त्याला एकदम राग आला. एवढा राग येण्यासारखं तिनं काही विचारलं नव्हतं हे त्याला कळत होतं, आणि त्यानं तो आणखी वाढला. तो उठला. खुर्ची मागच्या भिंतीला लागली. दाराच्या कडीवर हात ठेवून, तिच्याकडं पाठ करून, तो म्हणाला, "सटकले. अप्पा माझ्या हातातनं सटकले." आणि बाहेर आला. काट्यापाशी तो वकील उभा होता. त्यानं विरूपाक्षकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली, हसला नाही. तो का हसला नाही, याचा विरूपाक्षनं जिना उतरेपर्यंत विचार केला.

गाडीवरून गोलाईकडं जाताना त्याला स्वतःचीच चीड येत होती. चौदा महिने जे सुकन्याला सांगितलं नाही ते एका परक्या बाईला, तेही पाठ करून, सांगून आला. आता ते नांदेडला जाणार, मुदखेडला जाणार, आणि कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत परत लातूरला येणार. पण त्याहून वाईट हे होतं, की सांगितल्यावर छातीत काहीतरी थोडं सैल झालं होतं. त्यावरही त्याचा विश्वास बसेना. एवढ्यानं बरं वाटत असेल तर मग चौदा महिने काय केलं? बहुतेक हीच त्यांची युक्ती असावी. आधी बरं वाटायला लावायचं. सिग्नलपाशी त्यानं मनाशी पक्कं केलं की अण्णा काही विचारतो का ते बघायचं. अण्णानं विचारलं नाही, तर नाव देणारी सुकन्या. अण्णानं विचारलं, तर अण्णा.

शिवप्रसाद गल्ल्याशेजारी उभा राहून पितळेची परात पुसत होता. समोर एक गिऱ्हाईक डब्यांची झाकणं लावून बघत होतं. विरूपाक्ष आत आला तसं मान वर न करता त्यानं विचारलं, "आलास? बसलास का मॅडमकडं?"

इतकं सरळ. विरूपाक्षनं सगळ्याची तयारी ठेवली होती. आडून विचारण्याची, साळसूदपणाची, नाही म्हणण्याची. याची नव्हती. "तू सांगितलंस आदर्शला?"

"हाव."

"कशाला? मला येडा ठरवून दुकानातनं काढायचंय का?"

डबेवालं गिऱ्हाईक दोघांकडं बघून झाकण खाली ठेवून चालतं झालं. शिवप्रसादनं त्याला थांबवलं नाही, आणि हेही आजवर कधी घडलं नव्हतं. "मागल्या सोमवारी गोदामाची किल्ली घरी इसरलास," तो म्हणाला. "द्यायला म्हणून जिमला आलो. तू भिंतीकडं तोंड करून हुबा होतास. असा." त्यानं परात बाजूला ठेवली आणि हात पुढं केले, एक खालून, एक मागून. मग मान डावीकडं थोडी कलती केली. "त्या बॅगला डोस्कं न्हाई, विरू. तरी तू मान वाकडी करून हुबा होतास, कपाळ लागू नये म्हणून. मी तसाच जिना उतरलो. किल्ली दिलीच न्हाई तुला. खाली आदर्श भेटला, त्याला म्हणलं, ह्याला कुणाकडं तरी बसवा."

 आपण मान कलती करतो हे विरूपाक्षला माहीत नव्हतं. समोर आरसा नको म्हणून त्यानं ती भिंत निवडली होती.

"आन आणखी एक हाय," शिवप्रसाद म्हणाला, आणि परात पुन्हा जवळ ओढली. "तुझ्या हातातनं न्हाई सटकले अप्पा. तुझे हात बसायच्या आधी मी सोडलं. मला वाटलं, घेतलं ह्यानं. घाम आला होता काखेत, माझ्या हाताला. सोडलं आन कळलं की तू आजून घेतलं न्हाईस. वरचा माणूस म्हणला पोरात जोर न्हाई, आन मी गप बसलो. लई येळा सांगावं म्हणलं. तू जिमला जाऊ लागलास, मला वाटलं, रमला. बरं झालं."

हे खोटं असणार. विरूपाक्षच्या मनात सगळ्यात आधी हेच आलं. धाकट्याला बरं वाटावं म्हणून थोरल्यानं रचलेलं. अण्णाला असलं जमतं, लहानपणी शाळेत फोडलेल्या काचेचा मार त्यानंच खाल्ला होता. "कुठल्या बाजूनं सोडलंस?" त्यानं विचारलं. "डावीकडनं," अण्णा म्हणाला. अप्पा तर उजवीकडं कलले होते. पण विरूपाक्ष त्यांच्याकडं तोंड करून उभा होता, म्हणजे त्याचं उजवं ते अण्णाचं डावं. की अण्णा मागून होता, म्हणजे नाही? तो त्या खड्ड्यात पुन्हा उतरला, पाय दिसले, धोतर दिसलं, हात दिसले, आणि वजन हातांत आलं की हातांवर पडलं इथं येऊन पुन्हा सगळं काळं झालं. खरं असेल तर हा माणूस चौदा महिने याच गल्ल्यापलीकडं हे पोटात घेऊन भांडी विकत होता. खोटं असेल तर तो आत्ता, या घटकेला, धाकट्याच्या वाटणीची माती स्वतःच्या कपाळाला लावून घेत होता. कुठलं ते तोंडावरून कळेल म्हणून त्यानं भावाच्या तोंडाकडं पाहिलं. नीट पाहिलं, गिऱ्हाईकाकडं बघतात तसं नाही.

शिवप्रसाद वाळला होता. सदऱ्याची कॉलर मानेभोवती मोकळी फिरत होती. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवीन भोक होतं, आणि त्याच्या पलीकडं आणखी एक. गालाची हाडं वर आली होती, अप्पांची शेवटी आली होती तशी. हे चार-आठ दिवसांतलं नव्हतं. विरूपाक्ष रोज सकाळी जिमच्या काट्यावर उभा राहायचा, रोज स्वतःचे दंड, छाती, कोपरं बघायचा, कोण आपल्याकडं कसं बघतंय तेही बघायचा. हे त्याला दिसलं नव्हतं.

"अण्णा," तो म्हणाला, "तुझं वजन किती उतरलं?"

 रद्दीचा एक कागद ओढून शिवप्रसाद परात गुंडाळू लागला. ती कुणी घेतलेली नव्हती, दुकानात कुणी नव्हतंही. एक कागद झाला, त्यावर दुसरा झाला. तिसरा घेताना हात थांबले आणि तो परातीकडं बघतच म्हणाला, "त्या मॅडम दोघांना संगं बसू देतात का रे?"